झांशीचा जाहीरनामा

गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी आनंदराव नावाच्या आप्तबालकास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेविले होते. कंपनीचा अधिकारी मेजर एलिस त्या प्रसंगी उपस्थित होता. तेव्हा जे घडले ते कंपनीच्या डोळ्यांदेखत घडले.

राणी लक्ष्मीबाईंनी डिसेंबरात व पुन्हा फेब्रुवारीत गव्हर्नर-जनरलकडे खलिते धाडिले. १८१७ च्या तहात झांशीचा मुलूख वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना दिला होता. ओर्छा व दतिया येथील दत्तक मग कसे चालले, हा त्यांचा सवाल होता. मोठा नेमका सवाल! खुद्द एलिसनेही ओर्छ्याचा दाखला देऊन अनुकूल मत कळविले होते.

डलहौसीपाशी उत्तर होते. २७ फेब्रुवारी १८५४ च्या टिपणात त्याने ते विस्ताराने मांडिले: ओर्छ्याचे राज्य पुरातन, झांशीकर मात्र पेशव्यांचे सुभेदार, त्यांचे राजेपण कंपनीने दिलेले. म्हणून दत्तकास खासगी मिळकतीचा वारसा पोचेल, राज्याचा नव्हे. युक्तिवाद पटो वा न पटो, तो युक्तिवाद होता. परंतु तो लिहिला गेला वरिष्ठांच्या दप्तरासाठी. झांशीच्या वाड्यात मार्च १८५४ मध्ये एलिसने वाचून दाखविला तो जाहीरनामा, म्हणजे नुसता निकाल. राणींनी त्यावरही एप्रिलात खलिता लिहिला, जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला, लंडनपर्यंत दाद मागितली. निकाल बदलला नाही.

वाड्याबाहेरच्या रयतेचे कायदेकानूंचे ज्ञान दवंडीपुरते. बेतवा व धसान या नद्यांमधील गरौठ्याच्या बाजूस, जो भाग आज झांशी जिल्ह्यातच मोडतो, खेडुताला ढोल वाजला की कळे, अंमल कोणाचा. जून १८५७ मध्ये झांशीत दवंडी फिरली ती अशी: खल्क खुदा का, मुल्क बादशाह का, अंमल महाराणी लक्ष्मीबाई का. तीतही कारणे नव्हती. पण ज्यांना ती ऐकवायची त्यांना ती ठाऊक होती, आणि हा भेद लहान नव्हे.

पुढे १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. ओर्छा व दतिया यांनाही त्या मिळाल्या. दामोदरराव तेव्हा इंदुरास सरकारी पेन्शनीवर राहत होता.