तुओल स्लेंग नरसंहार संग्रहालय

तुओल स्लेंग नरसंहार संग्रहालय हे कंबोडियाची राजधानी पनॉम पेन येथील स्मृतिस्थळ आहे. येथील मूळच्या माध्यमिक शाळेचे ख्मेर रूज राजवटीने (१९७५–१९७९) ‘एस-२१’ या तुरुंगात रूपांतर केले. वर्गखोल्यांत विटांच्या भिंती घालून कोठड्या करण्यात आल्या. तुरुंगप्रमुख दुच हा पूर्वी गणिताचा शिक्षक होता. १२,००० हून अधिक कैद्यांपैकी मोजकेच वाचले. कैद्यांची छायाचित्रे काढली जात व छळ करून कबुलीजबाब लिहून घेतले जात. हेच दप्तर पुढे दुचविरुद्धच्या खटल्यात पुरावा ठरले. २००९ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत त्याचा समावेश झाला. बहुतेक कैद्यांना सुमारे १५ किमीवरील चोएउंग एक येथे नेऊन मारले जाई. एका दिवसात शहर पाहणारे प्रवासी बहुधा दोन्ही स्थळे जोडून पाहतात. आवारात शांतता पाळणे अपेक्षित असते.