जपानची नदी, आपली मिश्री आणि छातीतली गाठ



गटाच्या बैठकीत बचतीचा आणि कर्जफेडीचा हिशेब संपला की बोलणं आजारपणावर येतं. गावात कुणाला छातीत गाठ निघाली, की कुजबुज सुरू होते. कुणी म्हणतं नशीब, कुणी म्हणतं मागल्या जन्मीचं, तर कुणी म्हणतं, "हे सगळं पाण्यातून आणि खतातून येतंय." आज आम्ही या शेवटच्या बोलण्याबद्दल सांगणार आहोत. पाण्यातून, मातीतून, तंबाखूतून अंगात जाणाऱ्या जड धातूंचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा काही संबंध आहे का? याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागं जावं लागतं.

आधी आजाराबद्दल. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा अंदाज आहे. आपल्या देशातल्या बायकांमध्ये आज हाच कर्करोग सगळ्यात जास्त आहे. हे आकडे कळतात कारण कुणीतरी नोंद ठेवलेली असते. मुंबईत १९६३ साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. पुण्यात १९७३ साली आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, १९७८ साली. पण या नोंदी शहरांच्या होत्या. खेड्यातली बाई आजारी पडली तर तिची मोजदाद कुठंच नव्हती. १९८७ साली बार्शीला पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली आणि कार्यकर्ते गावोगाव फिरून माणसांना विचारू लागले. बार्शीच्या नोंदींतून दिसलं, की स्तनाचा कर्करोग मुंबईच्या बायकांपेक्षा खेड्यातल्या बायकांना बराच कमी होतो. म्हणजे हा आजार नुसता नशिबाचा नाही. राहणीमान, मुलं किती आणि कधी झाली, अंगावर किती दिवस पाजलं, वजन, वय, घराण्यातला आजार, दारू, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

हे शोधायला सुरुवात केली तीही एका बाईनं. इंग्लंडच्या डॉक्टर जेनेट लेन-क्लेपॉन यांनी १९२६ साली स्तनाचा कर्करोग झालेल्या ५०० आणि न झालेल्या ५०० बायकांची माहिती गोळा केली. लग्न कधी झालं, मुलं किती, पाजलं किती, असे साधे प्रश्न विचारले आणि दोन्हीकडची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. आजही जगभर कारणं शोधायची ही पद्धत वापरतात. म्हणून दवाखान्यात कुणी असे प्रश्न विचारले तर लाजू नका, नीट उत्तर द्या.

आता धातूकडं येऊ. शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम यांना जड धातू म्हणतात. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी यांतल्या कॅडमियमकडं जास्त लक्ष दिलं आहे. १८१७ साली जर्मनीत जस्ताच्या खनिजात हा धातू सापडला. जस्त काढताना तो सोबत निघतो. पुढं लोखंडावर मुलामा द्यायला, पिवळ्या-लाल रंगांत आणि बॅटरीत तो वापरला जाऊ लागला. त्यानं माणसाचं काय होतं, हे जगाला दाखवून दिलं जपानमधल्या शेतकरी बायकांनी.

जपानच्या तोयामा भागात जिंझू नावाची नदी आहे. नदीच्या वरच्या अंगाला मित्सुई कंपनीची कामिओका ही जस्ताची खाण होती. खाणीचं पाणी नदीत, नदीचं पाणी भातशेतीत, आणि तोच भात घराघरातल्या ताटात. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तिथल्या बायकांना विचित्र दुखणं लागलं. चाळिशी ओलांडलेल्या, बरीच बाळंतपणं झालेल्या बायका. आधी कंबर आणि पाय दुखायचे, मग चालणं मुश्किल व्हायचं, आणि शेवटी नुसत्या खोकल्यानं हाड मोडायचं. त्या सारख्या "इताई, इताई" म्हणायच्या, म्हणजे "दुखतंय, दुखतंय". आजाराला नावच ते पडलं, इताई-इताई.

बऱ्याच वर्षांपर्यंत हे खाण्यापिण्याच्या हयगयीचं आणि बाळंतपणाचं दुखणं समजलं गेलं. गावातलेच डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी मात्र पेशंट कुठं कुठं राहतात ते पाहिलं. सगळ्या नदीचं पाणी घेणाऱ्या गावांतल्या होत्या. १९५७ साली त्यांनी खाणीकडं बोट दाखवलं, आणि १९६१ साली कॅडमियमचं नाव पुढं आलं. १९६८ साली गावकऱ्यांनी कंपनीवर दावा लावला. त्याच वर्षी सरकारनं मान्य केलं, की हा आजार प्रदूषणामुळं झाला आहे. १९७१ साली गावकरी जिंकले, आणि १९७२ साली वरच्या कोर्टातही जिंकले.

यातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. गावकऱ्यांनी भरपाई तर घेतलीच, पण कंपनीकडून करारही लिहून घेतला, की आम्ही जाणकारांना घेऊन खाणीत येणार आणि पाण्याची तपासणी करणार. दरवर्षी ते तपासणीला जाऊ लागले. नदी सुधारली. शेतातली माती बदलण्याचं काम २०१२ सालापर्यंत चाललं. बिघडलेलं निस्तरायला फार वर्षं लागली.

बायकांनाच का जास्त झालं? मैत्रिणींनो, हे नीट ऐका. अंगात लोह कमी असलं की आतडं जेवणातलं कॅडमियम जास्त ओढून घेतं. पाळी, बाळंतपणं आणि सगळ्यांच्या मागून जेवणं यानं बाईच्या अंगात रक्त कमी. आणि एकदा आत गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात दहा, वीस, तीस वर्षं बसून राहतं. म्हणून आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, त्या उतरंडीत ठेवू नका, खा.

पण इताई-इताई हा हाडांचा आणि मूत्रपिंडाचा आजार. कर्करोगाचं काय? कॅडमियमनं कर्करोग होतो हे जागतिक संस्थेनं १९९३ साली ठरवलं, पण ते मुख्यतः कारखान्यात त्याचा धूर-धूळ श्वासात घेणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसाबद्दल. २००३ साली अमेरिकेत उंदीर माद्यांवर एक प्रयोग झाला. त्यात दिसलं, की कॅडमियम शरीरात बाईच्या हार्मोनसारखं वागतं, आणि त्यानं गर्भाशय आणि स्तनातल्या ग्रंथी वाढतात. स्तनाचे बरेच कर्करोग याच हार्मोनवर पोसतात. म्हणून शंका आली.

मग बायकांमध्ये पाहण्या झाल्या. २००६ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात असं आढळलं, की ज्यांच्या लघवीत कॅडमियम सगळ्यात जास्त, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग दुपटीहून थोडा जास्त. २०१२ साली स्वीडनमध्ये सुमारे ५६ हजार बायकांच्या पाहणीत जेवणातून जास्त कॅडमियम घेणाऱ्यांना धोका २१ टक्के जास्त दिसला. सोपं करून सांगायचं, तर जिथं शंभरातल्या दहा जणींना झाला असता, तिथं बारा जणींना. पण डेन्मार्कमधल्या आणि अमेरिकेतल्या इतर मोठ्या पाहण्यांत असा संबंध दिसला नाही. म्हणजे आज एवढंच म्हणता येतं, की संशयाला जागा आहे, पण गुन्हा शाबीत झालेला नाही. कुणी छातीठोकपणे सांगितलं की तुझ्या भांड्यामुळं किंवा तुझ्या बोअरमुळं तुला गाठ झाली, तर त्यावर विश्वास ठेवू नका. आणि कुणी सांगितलं की धातूनं काहीच होत नाही, तर त्यावरही ठेवू नका. हाडं, मूत्रपिंड आणि लेकरांची बुद्धी यांचं नुकसान पक्कं सिद्ध झालेलं आहे.

आपल्याकडं हा धातू कुठून येतो? पहिली वाट तंबाखूची. तंबाखूचं झाड मातीतलं कॅडमियम पानात ओढून घेतं. मराठवाड्यात पुरुष बिडी ओढतात, तंबाखू मळतात, आणि बायका तोच तंबाखू तव्यावर भाजून मिश्री लावतात. पाणी भरायला जाण्याआधी, पोटात दुखलं म्हणून, अगदी पोटुशी असतानाही. भाजल्यानं धातू जळून जात नाही. मिश्रीनं स्तनाचा कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण तोंडात धरलेल्या तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो हे नक्की सिद्ध आहे. त्यामुळं मिश्री सोडायला एवढं कारण पुरेसं आहे.

दुसरी वाट कामाची. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशी औद्योगिक वसाहत वाढली तसं भंगारही वाढलं. जुन्या बॅटऱ्या फोडणं, वायरी जाळून तांबं काढणं, रंग लागलेला पत्रा तापवणं, यात धूर आणि धूळ अंगात जाते. असं काम घरच्या अंगणात, चुलीजवळ, लेकरांजवळ करू नका. कामाचे कपडे वेगळे धुवा. तिसरी वाट माती-पाण्याची. फॉस्फेटच्या खतातही थोडं कॅडमियम असतं, म्हणून खत अंदाजानं न टाकता माती तपासून टाकावं. पाण्याबद्दल एक लक्षात ठेवा, उकळल्यानं जंतू मरतात, धातू जात नाही. गावात पाणी तपासायचं जे किट बायकांना दिलेलं असतं, त्यात क्लोरीन, फ्लोराइड, नायट्रेट कळतं. जड धातूंसाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. कारण सापडो न सापडो, गाठ लवकर सापडली तर बाई वाचते. मुंबईत टाटा रुग्णालयानं १९९८ साली वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायकांचं काम हाती घेतलं. त्यातल्या निम्म्या भागांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, फक्त हातानं स्तन तपासले. मोठं मशीन नाही. वीस वर्षांनी हिशेब केला, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी झालेले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फरक दिसला नाही. पण गाठ लवकर हाती लागली, हे सगळीकडं दिसलं.

म्हणून आम्ही सुचवतो, की गटाच्या पुढच्या बैठकीत तीन ठराव इतिवृत्तात लिहा. एक, तिशीपुढच्या प्रत्येक सदस्येनं आरोग्य मंदिरात जाऊन स्तनाची, तोंडाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यायची. सरकारी कार्यक्रमात ती फुकट आहे. दोन, मिश्रीचा खर्च महिनाभर वहीत लिहायचा आणि तेवढेच पैसे बचतीत टाकायचे. तीन, ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मागणी करायची, की जलसुरक्षकांमार्फत आपल्या पाण्याचा नमुना भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत जावा, त्यात जड धातू तपासले जावेत आणि त्याचा कागद सभेत वाचून दाखवावा.

न दुखणारी गाठ, काखेतली गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलेलं बोंड, बोंडातून रक्त, यातलं काही दिसलं तर आठ दिवसांच्या आत दाखवा. न दुखणारी आहे म्हणून थांबू नका, पहिल्यांदा ती बहुतेक दुखतच नाही. सगळ्याच गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. आपल्याच शहरात २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराला आधार मिळतो. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि गटातली एक मैत्रीण सोबत न्या.

तोयामाच्या बायकांचं "दुखतंय" ऐकायला जगाला फार वर्षं लागली. आपल्या गटातली एखादी हळूच म्हणाली, "इथं काहीतरी लागतंय गं," तर त्याच दिवशी तिचं ऐका. पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.