एका तपासणीची हकिकत



स्मरणिकेसाठी कोणी पाककृती दिल्या, कोणी ओव्या दिल्या. मी सातवीपर्यंतच शिकलेली. परंतु आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत घडलेली एक हकिकत लिहून ठेवावी, असे फार दिवस मनात होते. ती आहे गरोदरपणी होणाऱ्या रक्ताच्या एका तपासणीची.

२००१ साली मला पहिल्यांदा दिवस गेले. एड्सचे नाव निघाले की तेव्हा बायका तोंडाला पदर लावीत. त्याच सुमारास माझ्या माहेरच्या गल्लीतील एका सुनेचा नवरा या रोगाने वारला. मागाहून तान्हे बाळही गेले. लोकांनी तिचे ताट-तांब्या वेगळे केले आणि वर तिलाच पांढऱ्या पायाची म्हटले. गरोदरपणी तिचे रक्त कोणी तपासले नव्हते. उपाय निघालेला होता. तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

हा रोग आपल्या देशात प्रथम १९८६ साली मद्रासला सापडला. तो शोधण्यात पुढाकार होता डॉ. सुनीती सॉलोमन यांचा. त्या माहेरच्या गायतोंडे, मराठी घराण्यातल्या. निर्मला नावाच्या त्यांच्या विद्यार्थिनीने रक्ताचे नमुने गोळा केले होते.

आईपासून बाळाला हा रोग पोटात असताना, बाळंत होताना किंवा अंगावरच्या दुधातून लागू शकतो. काहीच उपाय न केल्यास शंभरांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बाळांना तो लागतो. १९९४ साली अमेरिका व फ्रान्स येथे झिडोव्हुडिन हे औषध आईला आणि नंतर बाळाला देऊन पाहिले, तेव्हा लागण शंभरात पंचविसांवरून आठांवर आली. पण ते औषध महाग. १९९९ साली आफ्रिकेतील युगांडा देशात स्वस्त वाट सापडली : कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी, आणि तीन दिवसांच्या आत बाळाला एक मात्रा.

आपल्या सरकारने २००० साली महाराष्ट्रासह पाच राज्यांतील अकरा ठिकाणी प्रयोग केला आणि २००२ पासून देशभर योजना सुरू केली. इतर देश ‘आईकडून बाळाला’ म्हणत. आपण नाव दिले ‘पालकांकडून बाळाला’. कारण बायकोला हा रोग बहुधा नवऱ्याकडूनच आलेला असतो. त्या एका शब्दाने आईच्या माथ्यावरचा सगळा दोष काढला, याचे मला मोठे कौतुक वाटते.

पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयानेही बाळाला सहा आठवडे औषध देण्याच्या अभ्यासात भाग घेतला. त्याचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. १ जानेवारी २०१४ पासून अशा प्रत्येक गरोदर बाईला तीन औषधांची गोळी कायमची आणि मोफत मिळू लागली. ती नियमित घेतली तर लागण शंभरात पाचांहूनही कमी होते. आपल्या घाटीतही हे उपचार होतात. २०१७ च्या कायद्याने, संमतीवाचून तपासणी करू नये व नाव फोडू नये, असे बंधनही घातले.

मात्र औषध असून भागत नाही, ते वेळेवर हवे. पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवावे आणि ही तपासणी व गरमीची तपासणी करवून घ्यावी. नवऱ्यालाही सोबत न्यावे. बाळंतपणाला माहेरी जाताना कार्ड व गोळ्या न चुकता बरोबर घ्याव्यात. पुष्कळ ठिकाणी घोटाळा होतो तो इथेच. आई औषध घेत असेल तर पहिले सहा महिने बाळाला निव्वळ अंगावरचे दूध द्यावे. मध, घुटी, वरचे पाणी काही नको. बाळाची तपासणी सहा आठवड्यांनी व शेवटची अठरा महिन्यांनी करतात. ती टाळू नये.

यंदा माझ्या लेकीला दिवस गेले आहेत. आशाताईंनी तिला तपासणीची तारीख सांगितली, तेव्हा ती साखरेच्या तपासणीला जावे तशी सहज गेली, जावईही गेले. मला मात्र माहेरची ती सून आठवली.

येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी दहा मिनिटे आशाताईंना बोलू द्यावे, अशी माझी मंडळाला विनंती आहे. आणि त्या सुनेसारखी कोणी दाराशी आली, तर तिलाही आत बोलावून वाण द्यावे.