गेलेल्या माणसांची नावं

आमच्याकडं दावणीचा बैल मेला तरी वडील 'बैल मेला' म्हणायचे नाहीत. 'बैल गेला' म्हणायचे. मग माणसाची काय कथा! माणूस वारतो, त्याला देवाज्ञा होते, तो राम म्हणतो. म्हातारा असला तर पिकलं पान गळालं. तान्हं लेकरू असलं तर ते देवाघरी गेलं. आणि मयताला जाऊन आलेला गडी एवढंच सांगतो, "मातीला गेलतो." अधू माणसाला जन्मभर ज्या टोपणनावानं हाक मारली, ते नावसुद्धा तिरडी उचलली की कुणी तोंडातून काढत नाही. त्या दिवसापासून तो नुसता 'बिचारा' होतो.

शब्द जपून वापरायची ही चाल जुनी आहे. मराठेशाहीच्या कागदांत लढाईत पडलेला शिपाई 'कामास आला' असं लिहीत. त्या शब्दाला वजन होतं, कारण अशा शिपायाच्या लेकराबाळांच्या पोटापाण्यासाठी बालपरवेशी म्हणून नेमणूक मिळे. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं. ती बातमी एका सावकारी पत्रातून पेशव्यांना कळली असं सांगतात. त्यात कुणी मेल्याचं लिहिलंच नव्हतं, मोती गळाल्याचं आणि मोहरा हरवल्याचं लिहिलं होतं. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. एवढं मोठं दुःख, पण हिशेबाच्या भाषेत सांगितलं. आजही कुणाचं सगळं बुडालं की आपण म्हणतो, त्याचं पानिपत झालं.

माणूस कुठं गेला, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणं. शिवभक्त कैलासवासी, माळकरी वैकुंठवासी, आमचे मुसलमान शेजारी पैगंबरवासी. 1956 साली नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर बौद्ध वस्तीतल्या पत्रिकांवर 'कालकथित' हा शब्द दिसू लागला. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही, त्यांनी गेलेल्या माणसासाठी कैलास-वैकुंठाचा आधार का घ्यावा? त्यांनी आपला शब्द घेतला.

पण सगळ्यात जास्त सोसलं ते बायांनी. नवऱ्याआधी गेली तर बाई 'भरल्या कपाळानं गेली', 'सोनं झालं तिचं'. तिला हिरवा चुडा, मळवट, ओटी. अविधवा नवमीला तिचं वेगळं श्राद्ध. आणि नवरा आधी गेला तर? मरण त्याचं, पण नाव बदलायचं हिचं. पत्रिकेत 'सौ.'ची 'ग. भा.' होते. गंगा भागीरथी! नाव पवित्र नदीचं, पण हळदी-कुंकवाला तिला कुणी बोलवायचं नाही. बांगड्या फुटल्या तर 'वाढवल्या' म्हणणारी आपली माणसं, त्यांनी तिच्या बांगड्या मात्र खरोखर फोडल्या.

माझी आजी चाळीस वर्षं 'ग. भा.' होती. ती गेली तेव्हा वारस लावायला गेलो. गावात तिला सगळे थोरली म्हणत, सातबाऱ्यावर तिचं सासरचं नाव, आणि माहेरचं नाव घरात एकालाही ठाऊक नाही. सहा 'क'च्या नोंदवहीत तिच्या नावापुढं एकच शब्द पडला, 'मयत'. मला तो शब्द त्यातल्या त्यात सरळ वाटला. तो सवाष्ण बघत नाही, विधवा बघत नाही.

पुढं तिच्या माहेरच्या एका म्हातारीकडून तिचं पाळण्यातलं नाव कळलं. तेव्हापासून आमच्या म्हाळाला घास टाकताना तिची दोन्ही नावं घेतो. थोरल्या सुनेला पहिल्यांदा नवल वाटलं. आता ती स्वतःच आठवण करून देते.

मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. बातमी वाचून वाटलं, हे आधी झालं असतं तर आजीची चाळीस वर्षं वाचली असती. मेलेल्या माणसाला आपण कैलासात पाठवतो की वैकुंठात, हे तो काही बघायला येत नाही. मागं राहिलेलीला मात्र रोज ऐकावं लागतं.