काळजातलं कातडं

महाधमनीची झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुतेक जण बाटलीच्या बुचापासून सुरू करतात. 1858 साली अमेरिकेत एका बुचाचं पेटंट निघालं: पिंजऱ्यातली गोळी, दाब आला की वर, गेला की खाली. 1952 साली चार्ल्स हफनागेल यांनी अशीच चेंडूवाली प्लास्टिकची झडप महाधमनीत बसवली, पण हृदयापासून दूर, छातीतून खाली उतरणाऱ्या भागात. 1960 साली ड्वाइट हार्कन यांनी ती मूळ झडपेच्या जागी नेली. त्याच वर्षी अल्बर्ट स्टार आणि लॉवेल एडवर्ड्स यांचा चेंडू हृदयातल्या दुसऱ्या, मायट्रल झडपेच्या जागी बसला. एडवर्ड्स डॉक्टर नव्हते, पंप बनवणारे इंजिनियर होते.

इथवर वाद नाही. पण या घराण्यात बूच फार तर चुलता. बाप कातडं आहे, असं माझं म्हणणं.

पुरावा विल्यम हार्वे यांच्या वहीत आहे. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे हे इंग्रज वैद्य 1616 मध्ये लंडनला व्याख्यानं देत होते. टिपणं लॅटिनमध्ये, मधेच ते इंग्रजीवर घसरतात आणि लिहितात की रक्त असं पुढे जातं, जणू पाणी उपसणाऱ्या भात्याच्या दोन पडद्यांमुळे. त्या काळी हे पडदे कातड्याचे असत. आता काही अभ्यासक म्हणतात, हे पान 1616 चं नाहीच, वहीत मागाहून घातलेलं आहे. काहींना त्यात आग विझवायचा बंब दिसतो. असेना! बंब असला तरी आतला पडदा कातड्याचाच. हृदयाच्या झडपेचं काम यंत्राच्या भाषेत मांडताना हार्वेंना आठवलं ते कातडं, हे त्यानं बदलत नाही.

धाराशिवकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लोहाराच्या भात्याला आतून उघडणारा पडदा असतो. भाता उचलला की हवा आत येते, दाबला की पडदा भोकावर बसतो. दुष्काळी मराठवाड्याला पाणी पाजणाऱ्या हातपंपातही हेच. जालना आणि सोलापूर इथल्या पंपांच्या अनुभवातून पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू आला, आणि त्याच्या दट्ट्यावर सुरुवातीला कातड्याचेच वायसर असत. वायसर झिजला की दांडा कितीही हाणा, पाणी मागे गळतं. महाधमनीची झडप गळते तेव्हा हृदयाचंही तेच होतं. झडप आकसली तर उलट तऱ्हा: निरोगी माणसात तीन-चार चौरस सेंटिमीटर उघडणारी वाट एकाच्याही खाली येते. मग चढावर छाती भरते, भोवळ येते.

खरी गंमत पुढे आहे. 1965 साली पॅरिसमध्ये जाँ-पॉल बिने आणि आलँ कार्पांतिए यांनी डुकराची झडप माणसात बसवली. काही वर्षांतच अशा झडपा खराब होऊ लागल्या. कार्पांतिए शल्यविशारद असूनही रसायनशास्त्राच्या अभ्यासाला बसले आणि 1968 पासून ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवलेल्या झडपा वापरू लागले. हे रसायन त्या वेळी मुख्यतः दोन ठिकाणी माहीत होतं. एक, कातडं कमावण्याच्या धंद्यात. दोन, 1963 पासून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पेशी टिकवण्यासाठी.

मग वडीलपण कुणाचं? प्रयोगशाळेचे लोक सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवतात. माझा कौल कातड्याला. सूक्ष्मदर्शकाखालच्या तुकड्याला वाकावं लागत नाही, झडपेला दिवसाला लाखभर वेळा वाकावं लागतं. कुजायचं नाही आणि मऊपणाही सोडायचा नाही, ही अट चांभाराच्या गिऱ्हाइकाची असते.

आपल्याकडे हे काम ढोर समाजातल्या कारागिरांनी केलं: बाभळीची साल, हिरडा, तरवड घातलेल्या कुंडांत. बसवेश्वरांच्या काळचे शरण कक्कय्या याच व्यवसायातले. त्यांचं कल्याण, म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या उमरग्याला लागून. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या कोलॅजनचे तंतू एकमेकांशी बांधतं. ग्लुटाराल्डिहाइडही तेच करतं, फक्त त्याची गाठ जास्त पक्की. बाभळीच्या सालीनं हृदयाची झडप झाली नसती, हे कबूल. पण रीत तीच, आणि ती पिढ्यान्पिढ्या राखणाऱ्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं.

1971 साली लीड्समध्ये मरियन आयोनेस्कू यांनी गाईच्या हृदयावरचं पातळ आवरण कमावून त्याची झडप शिवली. तिथे तर कातडंच बेतलं गेलं.

भारताची वाट वेगळी. संधिवाताच्या तापानं झडपा खराब झालेले आपले रुग्ण तरुण असतात, आणि तरुण शरीरात कमावलेल्या झडपेवर कॅल्शियम लवकर साचतं. म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत वलियाथन यांच्या गटानं कोबाल्ट-क्रोमियमच्या कड्यात प्लास्टिकची चकती झुलवली. 6 डिसेंबर 1990 रोजी ती पहिल्यांदा माणसात बसली. ती टिकाऊ, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. कमावलेली झडप साधारण दहा-पंधरा वर्षं जाते, पण ती गोळी बहुतेकांना जन्मभर लागत नाही. सोलापूर, लातूर किंवा पुण्याला झडप बदलायला गेलेल्या माणसापुढे डॉक्टर हीच निवड ठेवतात. ती वय आणि गोळी-तपासणी किती जमेल हे बघून करावी. जनावराची म्हणून नाक मुरडू नये.

2002 साली फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून घडी घालून नेलेली झडप गाईच्या आवरणाचीच होती. घडी कातड्यालाच पडते, चेंडूला पडत नाही. स्टार-एडवर्ड्सच्या चेंडूचं उत्पादन 2007 मध्ये बंद झालं.