जुन्या कॅसेटीचें मोल

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाच्या कुशींत वसलेल्या शिरोळ तालुक्यास महापुराची ओळख करून द्यावयास नको. २००५, २०१९ आणि २०२१ या तीनही सालीं तेथील गांवांत पाणी शिरलें. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत तर कित्येक घरांत तें दिवसेंदिवस उभें राहिलें. पाणी ओसरलें म्हणजे भिजलेलीं पोतीं, गाद्या, वह्या-पुस्तकें आणि निकामी झालेले दूरचित्रवाणी-संच रस्त्यावर येऊन पडतात. पंचनामा होतो, पडलेल्या भिंती, दगावलेलीं जनावरें, कुजलेलीं पिकें यांची मोजदाद होते. कपाटाच्या तळाशीं वर्षानुवर्षें पडून राहिलेला, तळहाताएवढा एक प्लॅस्टिकचा ठोकळा मात्र कोणी मोजीत नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील तालुक्यांच्या गांवांपर्यंत पोंचलेल्या या ठोकळ्यास मुलें 'कॅसेट' म्हणत, आणि तो ज्या यंत्रांत खोंचावयाचा त्या यंत्रास 'व्हिडिओ गेम'.

असाच एक ठोकळा २०२१ च्या एप्रिलमध्यें अमेरिकेंतील एका लिलावांत ६ लाख ६० हजार डॉलरांस, म्हणजे सुमारें ५ कोटी रुपयांस विकला गेला. हें वर्तमान वाचून जुनी कॅसेट जपून ठेवलेल्या कोणास आपल्या घरीं धन पुरलेलें आहे असें वाटलें, तर त्यांत नवल नाहीं. परंतु हे पांच कोटी नेमके कशाचे, हें पाहिल्याखेरीज त्या आशेचा हिशेब लागत नाहीं.

खेळाचें नांव 'सुपर मारिओ ब्रदर्स'. जपानांतील निन्टेंडो कंपनीनें तो १३ सप्टेंबर १९८५ रोजीं विक्रीस काढला. ही कंपनी मूळची पत्ते करणारी. फुसाजिरो यामाउची यांनीं १८८९ सालीं क्योटो येथें फुलांच्या चित्रांचे हातपत्ते करण्यासाठीं ती स्थापिली. आपल्याकडे सावंतवाडीचे चितारी गोल गंजिफा रंगवीत, त्यांच्याच नात्यांतला हा उद्योग म्हणावयास हरकत नाहीं. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका या दोघांनीं रचलेल्या या खेळांत मारिओ नांवाचा मिशाळ नळ-कारागीर एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारीत, शत्रूंस तुडवीत, राजकन्येच्या शोधार्थ निघतो. आठ जगें, प्रत्येकांत चार टप्पे, असे एकूण ३२ टप्पे. आणि हें सारें अवघ्या ४० किलोबाइट स्मृतींत बसविलेलें. आज एका साध्या छायाचित्रासही याहून कितीतरी अधिक जागा लागते. जागेच्या या ओढाताणीमुळें आकाशांतील ढग आणि जमिनीवरचीं झुडपें यांस एकच आकृति वापरली आहे; फरक केवळ रंगाचा. ज्यांनीं हा खेळ शेंकडों वेळां खेळला त्यांच्यापैकींही फार थोड्यांच्या हें ध्यानांत आलें असेल.

या खेळाच्या ४ कोटींहून अधिक प्रति खपल्या. मग जी वस्तु कोट्यवधि घरांत गेली ती दुर्मिळ कशी? उत्तर असें कीं, खेळ दुर्मिळ नाहीं. न खेळलेला खेळ दुर्मिळ आहे. लिलावांतील ती प्रत १९८६ च्या अखेरीस नाताळची भेट म्हणून विकत घेतली गेली, एका मेजाच्या खणांत ठेवली गेली, आणि तेथेंच पस्तीस वर्षें विसरली गेली. तिचें वेष्टण कधीं फाटलें नाहीं. अशा प्रतींची परीक्षा करणाऱ्या व्यवसायी संस्था अमेरिकेंत आहेत. खोक्याचे कोपरे, पुठ्ठ्याची चमक, दुकानांत टांगण्यासाठीं मागें ठेवलेली पुठ्ठ्याची पट्टी, वेष्टणाची घडी यांवरून त्या दहांपैकीं गुण देतात व वेष्टणास निराळी श्रेणी लावतात. नंतर तें खोकें पारदर्शक पेटींत कायमचें बंद होतें. जुलै २०२१ मध्यें याच मालिकेंतील 'सुपर मारिओ ६४' या १९९६ सालच्या खेळाची, ९.८ गुण मिळालेली एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरांस गेली. तो खेळही एक कोटीहून अधिक लोकांनीं विकत घेतलेला! थोडक्यांत, आंत खेळ आहे कीं लांकडाचा तुकडा, हें उघडून पाहण्याची सोयही ज्या मालांत उरत नाहीं, त्या मालाचा हा बाजार. पुढें भाव उतरले, आणि २०२२ सालीं किंमती कृत्रिम रीतीनें चढविल्याचा आरोप करणारा दावाही तेथील न्यायालयांत दाखल झाला.

आतां मराठी घरांतील कॅसेट या तराजूंत घालून पाहावी. 'समुराई', 'लिटल मास्टर', 'मीडिया' अशा नांवांनीं जीं यंत्रें आपल्याकडे विकलीं गेलीं, तीं निन्टेंडोच्या १९८३ च्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या धर्तीवरचीं होतीं. कॅसेटीही बहुतेक मूळ कारखान्याच्या नसत. ओळखण्याची खूण सोपी आहे. फॅमिकॉमच्या धर्तीच्या कॅसेटीस खालीं ६० टोकें असतात, अमेरिकन कॅसेटीस ७२. स्क्रू काढून पाहिलें, तर नकलेंत पुष्कळदां नीट घडविलेल्या चकत्यांऐवजीं हिरव्या पट्टीवर काळ्या राळेचा एक थेंब तेवढा दिसतो. लेबलावर लक्षावधि खेळांचा आंकडा छापलेला, आणि आंत तेच थोडे खेळ नांवें व टप्पे बदलून पुन्हां पुन्हां! खोकें पहिल्याच दिवशीं फेकलेलें. कॅसेट शेजारीं उसनी गेलेली, सुटींत भाड्यानें फिरलेली, आणि चालेनाशी झाली कीं प्रत्येक मुलानें तिच्या तोंडांत फुंकर मारलेली. फुंकरीनें ती चालूं लागते अशी जगभर समजूत होती. वस्तुतः काढून पुन्हां बसविल्यानें टोकें नीट जुळत. फुंकरींतील ओलाव्यानें तीं उलट गंजत. श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं हा विधि मनोभावें झाला असेल. परीक्षकांच्या लेखीं अशा कॅसेटीस गुण मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं, आणि कोणी दलाल तिला लाखांचा भाव सांगूं लागला, तर त्याचा हेतु तपासावा.

परंतु मोल ठरविण्याची दुसरीही एक रीत महाराष्ट्रास ठाऊक आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे चष्म्याचा व्यवसाय करीत, कविता लिहीत, आणि १९२० च्या सुमारापासून गांवोगांव हिंडून अडकित्ते, दिवे, कुलपें, दौती, सोंगट्यांचे पट अशा वस्तु गोळा करीत. या वस्तु राजवाड्यांतल्याच नव्हत्या. पुष्कळशा रोजच्या वापरांतल्या होत्या, आणि ज्यांच्या घरीं त्या पडलेल्या असत त्यांस त्यांचें विशेष कांहीं वाटत नसे. बालपणींच निवर्तलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नांवानें उभारलेला हा संग्रह केळकरांनीं १९७५ सालीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. त्यांनीं केवळ कोरे करकरीत अडकित्तेच जमविण्याचें व्रत घेतलें असतें, तर मराठी माणूस सुपारी कशी कातरीत असे हें त्या संग्रहावरून कोणास कळलें असतें?

कॅसेटीचेंही तेंच आहे. मूळ कंपनीच्या हिशेबवहींत जिची नोंदही नाहीं अशा नकली मालाच्या द्वारें मारिओ महाराष्ट्रांतील मुलांस भेटला. त्या कॅसेटी कोणीं आणल्या, कोणत्या दुकानांतून विकल्या, भाडें काय पडे, लेबलावरील इंग्रजी नांवांचे मुलांनीं काय उच्चार केले, याचा पुरावा छापील कागदांत फारसा सांपडणार नाहीं. तो आहे त्या ठोकळ्यावर आणि ज्यांनीं तो हाताळला त्यांच्या आठवणींत. संग्रह करूं इच्छिणाऱ्यानें म्हणून कॅसेटीबरोबर विकणाऱ्याची हकीकत लिहून घ्यावी, लेबलाचें छायाचित्र काढावें, आंतील स्मृतीची नक्कल उतरून ठेवावी. पुराचें पाणी लागलेली कॅसेट पूर्ण वाळवून तिचीं टोकें स्पिरिटनें हलकेच पुसलीं, तर ती पुष्कळदां पुन्हां चालूं लागते. कागदी लेबल, आणि त्यावर शाईनें घातलेलें मालकाचें नांव, मात्र पहिल्याच पाण्यांत निघून जातें.