सरोवरकांठची कुटी व तिची रोजनिशी

इंग्लंडच्या वायव्येस, पूर्वीच्या वेस्टमोरलंड परगण्यांत, ग्रासमिअर नांवाचें सरोवर आहे. त्याच्या नजीक चुन्यानें पांढरें केलेलें एक लहानसें दगडी घर 'डव्ह कॉटेज' या नांवानें प्रसिद्ध आहे. कवि विल्यम वर्ड्स्वर्थ व त्याची भगिनी डोरोथी हीं ता. २० डिसेंबर १७९९ रोजीं या घरांत राहावयास आलीं, इ. स. १८०८ पर्यंत त्या कुटुंबाचें बिऱ्हाड येथेंच होतें.

घराचें हल्लींचें नांव मात्र त्या काळचें नव्हे. वर्ड्स्वर्थ कुटुंब त्यास वस्तीच्या नांवावरून 'टाउन एंड' म्हणत असे. पूर्वीं तेथें मद्यगृह असून त्यावर कबूतर व ऑलिव्हची डाहळी यांची पाटी होती. या पाटीचा उल्लेख कवीनें स्वतःच 'द वॅगनर' या काव्यांत केला आहे. तिजवरूनच हें नांव मागाहून रूढ झालें.

या घरांतील जीवनक्रम कळण्याचें मुख्य साधन म्हणजे डोरोथीची रोजनिशी. ती ता. १४ मे १८०० रोजीं सुरू होऊन जानेवारी १८०३ मध्यें थांबते. हिच्या चार वह्या उपलब्ध आहेत. डिसेंबर १८०० अखेरपासून आक्टोबर १८०१ पर्यंतचा भाग असलेली वही गहाळ आहे. भाकरी भाजणें, वाटाण्यांच्या वेलांस काठ्या लावणें, सदरे शिवणें, होडींतून पाइक जातीचे मासे धरणें, भावाच्या कवितांच्या नकला करणें, हीं सर्व कामें तींत एकाच ओघांत येतात.

ता. ३ आक्टोबर १८०० च्या नोंदींत वाटेंत भेटलेल्या, जळवा गोळा करणाऱ्या एका वृद्धाची हकीकत आहे. जळवा दुर्मिळ होऊन त्यांचा शेकडा भाव अडीच शिलिंगांवरून तीस शिलिंगांवर गेल्याचें तींत नमूद आहे. याच वृद्धावर कवीनें इ. स. १८०२ मध्यें कविता रचली. तींत जळवा कमी झाल्याचा उल्लेख आहे. भाव मात्र नाहीं. अर्थात् तो आंकडा आम्हांस बहिणीच्या वहींतूनच मिळतो.

असें असतां विल्यम नाइट यानें इ. स. १८९७ मध्यें ही रोजनिशी प्रथम छापली, तेव्हां सदरे दुरुस्त केल्याच्या वा काटक्या वेंचल्याच्या नोंदी प्रत्येक वेळीं देण्याचें प्रयोजन नाहीं, असें प्रस्तावनेंत सांगून अशा अनेक नोंदी गाळल्या. पुढें इ. स. १९४१ मध्यें द सेलिंकोर्ट याच्या आवृत्तीनें त्यांतील बराच भाग वाचकांस उपलब्ध झाला. मूळ वह्या राखल्या गेल्या होत्या, म्हणूनच ही दुरुस्ती शक्य झाली. गहाळ वहीविषयीं कोणाही संपादकाचा उपाय चालत नाहीं.

आमच्याकडील दप्तरांतही राजकारणाचीं पत्रें निवडून घेतलीं जातात आणि घरखर्चाच्या याद्या, वाणसवद्यांचे हिशेब, औषधांचीं टिपणें यांची रद्दी होते. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, छापतांना निवड करणें भाग पडल्यास ती अवश्य करावी. परंतु रुमाल बांधतांना एकही कागद क्षुल्लक म्हणून वेगळा काढूं नये.